उंबरठ्याशी अडलेले पाऊल

कंपवाताच्या रुग्णाचे पाऊल उंबरठ्याशी एकाएकी खिळते. घरचे घाईने हात ओढतात आणि नेमका तेव्हाच तोल जातो. ओढू नये, शेजारी उभे राहून शांतपणे ‘एक, दोन, एक, दोन’ असा ठेका धरावा. पुष्कळदा पाऊल उचलले जाते. मेंदूतील डोपामिन घटल्याने चालण्याची अंगवळणी पडलेली लय हरवते. बाहेरचा ताल तिला आधार देतो.

ब्रुकलिनमधील मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ साली अशा रुग्णांसाठी वर्ग सुरू केला. आरंभ खुर्चीत बसूनच होतो, सोबतचा सांभाळणाराही नाचतो. तेथे कोणी रुग्ण नसतो, सारे नृत्याचे विद्यार्थी! पुण्यात हृषीकेश पवार यांनीही कंपवाताच्या रुग्णांना नृत्य शिकवले आहे.

नवी मुंबईत नाटकासाठी वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह आहे, कथक-भरतनाट्यमचे वर्ग आहेत, ज्येष्ठांची विरंगुळा केंद्रेही आहेत. मात्र नृत्यवर्गाच्या दारात आजी-आजोबा दिसतात ते नातवंडांच्या चपला सांभाळताना. वर्गाच्या गुरूंना आठवड्यातला एक तास मागायला काय हरकत आहे?

नृत्याने आजार बरा होत नाही, औषधे चालूच ठेवावीत. डॉक्टरांना विचारून, औषधाचा प्रभाव चांगला असतो ती वेळ निवडावी. खुर्ची हातांची, न घसरणारी हवी. पहिल्या दिवशी शेजारच्या खुर्चीत आपणही बसावे.