मंद कोण?

जुनी वस्तू नव्या वस्तूशी जुळेनाशी झाली की दोष जुन्या वस्तूला देण्याची आपल्याला सवय आहे. ही सवय आम्हांस योग्य वाटत नाही.

आमच्याजवळ तळहातावर मावणारे एक जुने 'पाम' यंत्र आहे. या जातीची यंत्रे १९९६ साली प्रथम बाजारात आली. बटण दाबताच त्यांतील नोंदी संगणकातील नोंदींशी जुळवल्या जात; हेच 'सिंक' होय. आमच्या यंत्रात वडिलांकडून ऐकलेल्या कोंकणी म्हणी रोमन अक्षरांत टिपलेल्या आहेत. वडील आज हयात नाहीत, जुना संगणकही निकामी झाला. त्या म्हणींची दुसरी प्रत कोठेही नव्हती. येथे भोपाळला नवा संगणक घेतला, तो तास उलटला तरी जुळवणी संपेना. "यंत्र कामातून गेले, टाकून द्या," असा सल्ला सर्वांनी दिला.

आम्ही मात्र एका वेळी एकच गोष्ट तपासली. नव्या संगणकाला जुन्या तारेची खाच नसल्यामुळे मध्ये अडॅप्टर जोडला होता. तेथे वेग सेकंदाला ९,६०० बिट इतकाच ठेवलेला आढळला. या वेगाने ८ मेगाबाइटची भरलेली स्मृती वाहून न्यायला जवळजवळ अडीच तास लागतात. १,१५,२०० बिटांच्या वेगाने तेच काम हिशेबाने सुमारे बारा मिनिटांचे! वेग वाढवला आणि काम मार्गी लागले.

दुसरे कारण अधिक बोधप्रद आहे. ओळखीच्या संगणकाशी हे यंत्र फक्त बदललेल्या नोंदी जुळवते. परंतु संगणक नवा असला की एकूण एक नोंद ताडून पाहते. हा दोष नव्हे, सावधपणा आहे. दुसऱ्या दिवशी तीच जुळवणी काही क्षणांत झाली.

विद्यार्थिमित्रहो, आमच्या घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी. वर्गात नव्याने आलेले, घरी निराळी भाषा बोलणारे मूल उत्तर देताना अडखळते, तेव्हा आम्ही शिक्षकही त्याला चटकन 'मंद' म्हणून मोकळे होतो. ते बिचारे प्रत्येक शब्द मनात ताडून पाहत असते! मूल मंद की मधली तार मंद, हे आधी तपासावे. आणि पहिल्या ओळखीला लागणारा वेळ त्याला मोकळ्या मनाने द्यावा, असे आमचे मत आहे.