कबुतरे कुणब्यांची, फासही कुणब्यांनाच!

मिसर देशातील राष्ट्रीय चळवळीचा इतिहास सांगू लागले, की विद्वान मंडळी मुस्तफा कामिलच्या वक्तृत्वापासून आरंभ करतात आणि झगलुल पाशाच्या शिष्टमंडळापाशी येऊन थांबतात. जणू काय नाईल नदी वकिलांच्या दौतीतूनच वाहत होती! आम्हांस हा इतिहास मान्य नाही.

अहमद उराबी कोण होता? शर्किया प्रांतातल्या खेड्यातील फेलाहाचा, म्हणजे कुणब्याचा, पोर. फौजेत मोठे हुद्दे तुर्क-सर्केशियनांनी घ्यावेत व फेलाहांनी हुकूम झेलावेत, हे त्यास सोसवेना. ता. ९ सप्टेंबर १८८१ रोजी तो पलटणी घेऊन खेदीवाच्या आबदीन वाड्यासमोर उभा राहिला. १८८२ त इंग्रजांनी तेल-अल-कबीर येथे त्याचा मोड केला व त्यास सिलोनात धाडले. त्या वेळी प्रतिनिधिसभेचा अध्यक्ष, बडा जमीनदार सुलतान पाशा, कोठे होता? खेदीवाच्या गोटात!

आता दिनशवायकडे या. जून १९०६ त गोरे अंमलदार या गावी कबुतरांच्या शिकारीस आले. कबुतरे रानातली नव्हेत, गावकऱ्यांनी पोटासाठी पाळलेली. एका बाईस गोळी लागली, मारामारी झाली, एक अंमलदार पळता पळता उन्हाने मेला. चौघांस गावादेखत फाशी, कित्येकांस फटके! न्यायासनावर नुसते इंग्रज होते काय? अध्यक्ष बुत्रोस घाली, शेजारी सअद झगलुलचे सख्खे बंधू फथी झगलुल, आणि सरकारतर्फे वकील हिलबावी. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा! खुद्द सअद त्याच साली लॉर्ड क्रोमरच्या अमदानीत शिक्षणमंत्री झाले. पुढे त्यांनी हद्दपारी सोसली, ते ऋण आम्ही नाकारीत नाही. परंतु राष्ट्रभावनेचे बी गावोगाव रुजले ते दिनशवायच्या फासाखाली, हे लपवावे का?

महायुद्धात फेलाहांस मजूर म्हणून धरून नेले, त्यांची जनावरे नेली. म्हणून मार्च १९१९ मध्ये झगलुलांस माल्टास नेताच खेड्यांनी रेल्वेचे रूळ उखडले. गोळ्या त्यांनी खाल्ल्या. १९२२ त चार राखीव कलमांचे लंगडे स्वातंत्र्य आले, १९२३ त घटना आली, आणि पार्लमेंटात बसले कोण? बव्हंशी जमिनीचे मालक! १९४४ त खत्ताब नावाच्या सिनेटराने यापुढे कोणी पन्नास फेद्दानांवर जमीन वाढवू नये एवढीच सूचना आणली. इंग्रजांविरुद्ध गर्जणारे ते सभागृह तीही पचवू शकले नाही, सूचना बारगळली.

अखेर सप्टेंबर १९५२ त, राजास हाकलून दिलेल्या फौजी अधिकाऱ्यांनी कायदा केला, की कोणी दोनशे फेद्दानांहून अधिक ठेवू नये. दोनशे फेद्दान म्हणजे दोनशे एकरांहूनही जास्त! पंतप्रधान अली माहिर यांस तेवढेही जड झाले, आणि ते खुर्चीवरून उतरले.