मोरीपलीकडची जबाबदारी

खडकवासल्याचे पाणी नळाला येईपर्यंत ते पुणेकरांचे असते. त्यात एका दिवसाची कपात झाली तरी शहर अस्वस्थ होते. तेच पाणी मोरीतून खाली गेले की कोणाचेच राहत नाही. परंतु ते नाहीसे होत नाही. मुळा-मुठेतून ते भीमेला मिळते, उजनीच्या धरणात साठते, तेथून सोलापूरच्या नळांना जाते आणि पंढरीत वारकरी जिच्यात स्नान करतात त्या चंद्रभागेतही पोहोचते. आपण टाकलेले दुसऱ्याच्या ओंजळीत पडते, याचे भान विद्येच्या या माहेरघराला असावयास हवे होते.

जपानच्या कर्जसाहाय्याने अकरा शुद्धीकरण केंद्रे उभारण्याचा करार जानेवारी 2016 मध्ये झाला. बांधकामाला हात लागेपर्यंतच कित्येक वर्षे लोटली. ही केंद्रे हवीत, याविषयी दुमत नाही. पण शहर ज्या वेगाने भोवतालच्या गावांत पसरते, त्या वेगाने मैलावाहिन्या पसरत नाहीत. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात ‘जीबीएस’चे रुग्ण वाढले आणि दूषित पाण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. पिण्याचे पाणी आणि सांडपाणी यांच्यातील अंतर किती थोडे असते, हे तेव्हा सर्वांना उमगले.

म्हणूनच सांडपाणी जेथे निर्माण होते, तेथेच ते शुद्ध करण्याचा मार्ग महत्त्वाचा ठरतो. वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या बांधकामांना 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि शुद्धीकरण यंत्रणा ही त्या मंजुरीची नेहमीची अट असते. यंत्रणा उभ्या राहतात. पण बांधकाम व्यावसायिक निघून गेला आणि विजेचे बिल हाती आले की अनेक ठिकाणी त्यांना कुलूप लागते. वस्तुतः आपल्या उष्ण हवामानात हवेविना जगणारे जंतू हे काम जवळजवळ विनावीज करतात. गाळ बसवणारी टाकी, कप्प्यांची टाकी आणि शेवटी कर्दळ लावलेला खडीचा वाफा, एवढ्यावर बागेपुरते पाणी मिळू शकते. अर्थात त्यासाठी जागा लागते, ठरावीक काळाने गाळ काढावा लागतो आणि ते पाणी पिण्याचे नव्हे, हे विसरून चालत नाही.

‘कर आम्ही भरतो, मग महापालिकेचे काम आम्ही का करावे?’ हा रहिवाशांचा प्रश्न अगदीच गैर नाही. पर्जन्यसंचय व सौरऊर्जा यांसाठी महापालिका मिळकतकरात सवलत देते. तशीच सवलत चालू असलेल्या शुद्धीकरण यंत्रणेस द्यावी. मात्र ती यंत्रणेच्या अस्तित्वावर नव्हे, तर बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तपासणीवर अवलंबून असावी. ते निष्कर्ष प्रभागवार प्रसिद्ध व्हावेत. कागदावरील टाकीने नदी शुद्ध होत नाही.

नदीची आरती करणे सोपे आहे. आपल्या इमारतीतील यंत्रणा चालू आहे की बंद, हे एकदा खाली उतरून पाहणे मात्र आपल्याला जड जाते. खरी नदीसेवा तेथूनच सुरू होते.