अर्धांगवायूवरचं संशोधन कुणाच्या कामाचं? 'गाजलेले' पेपर, सायटेशनचे आकडे आणि नगर जिल्हा

अर्धांगवायूच्या झटक्यात मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी बंद पडली, तर उपचार मिळेपर्यंत दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये 'स्ट्रोक' या नियतकालिकात हा हिशेब मांडला. तेव्हापासून हा आकडा जगभरातल्या शोधनिबंधांत, डॉक्टरांच्या परिषदांत आणि दवाखान्यांतल्या पोस्टरवर दिसतो.

आता हाच आकडा अहिल्यानगर जिल्ह्याला लावून बघू. जामखेड ते नगर अंतर सुमारे ७५ किलोमीटर. गाडी मिळून मोठ्या दवाखान्यात पोहोचायला दीड तास लागला असं धरलं, तर तेवढ्यात १७ कोटींहून जास्त पेशी गेलेल्या असतात. पण जामखेड, अकोले किंवा पाथर्डीतल्या रुग्णाला सीटी स्कॅनपर्यंत पोहोचायला खरोखर किती वेळ लागतो, हा आकडा जगातल्या बहुतेक संशोधकांना त्यांच्या पेपरसाठी लागतच नाही. तो कुणी मोजला, तरी त्याचा दाखला देणारे थोडेच निघतील.

पहिला आकडा 'गाजला', दुसरा गाजण्याची शक्यता कमी. पण नगरच्या रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा कोणता? अर्धांगवायूवरच्या संशोधनात सध्या काय चाललंय, ते कसं मोजलं जातं आणि त्या मोजमापातून काय निसटतं, हे समजून घेऊ.

सायटेशन म्हणजे काय?

एका संशोधकाने आपल्या पेपरमध्ये दुसऱ्या पेपरचा संदर्भ दिला की त्या दुसऱ्या पेपरच्या खात्यात एक सायटेशन जमा होतं. जितकी सायटेशन जास्त, तितका पेपर प्रभावी, असा सर्वसाधारण समज आहे.

नियतकालिकांसाठी 'इम्पॅक्ट फॅक्टर' असतो. या कल्पनेचं बीज अमेरिकेतले युजीन गारफिल्ड यांच्या १९५५ च्या लेखात आहे. गणित सोपं आहे. समजा, एका नियतकालिकाने २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून २०० पेपर छापले आणि २०२४ मध्ये त्या पेपरचे १,००० वेळा दाखले दिले गेले, तर त्याचा २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर झाला ५.

अर्धांगवायूच्या विषयात अमेरिकन हार्ट असोसिएशनचं 'स्ट्रोक' हे नियतकालिक १९७० पासून निघतं. त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर अलीकडे आठच्या आसपास असतो. 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'चा चाळीसच्या वर. भारतात इंडियन स्ट्रोक असोसिएशनचं 'जर्नल ऑफ स्ट्रोक मेडिसिन' २०१८ मध्ये सुरू झालं. म्हणजे वय आणि आवाका दोन्ही बाबतींत हे बरंच नवखं आहे.

इथे एक गोम आहे. इम्पॅक्ट फॅक्टर ही सरासरी असते आणि सरासरी फसवी असते. नियतकालिकातल्या मोजक्या पेपरना ढिगाने दाखले मिळतात, बाकीच्यांना जेमतेम. त्यामुळे नियतकालिकाच्या नावावरून एखाद्या पेपरची किंवा संशोधकाची किंमत ठरवू नका, असं जाहीर आवाहन करण्याचा निर्णय संपादक आणि प्रकाशकांनी २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत घेतला. पुढे जगभरातल्या हजारो संस्थांनी आणि संशोधकांनी त्यावर सह्या केल्या.

गाजले ते कोणते पेपर?

या विषयातले सर्वाधिक दाखले मिळालेले पेपर पाहिले, तर गेल्या तीस वर्षांचा प्रवास दिसतो.

१९९५ मध्ये गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची अमेरिकेतली चाचणी प्रसिद्ध झाली. ६२४ रुग्ण होते. झटका आल्यापासून तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांमध्ये तीन महिन्यांनंतर जवळपास पूर्ण बरं असण्याची शक्यता किमान ३० टक्क्यांनी जास्त आढळली. अर्धांगवायूवर तातडीचा उपचार असतो, हे वैद्यकाने मान्य केलं ते इथून. २००८ मध्ये दुसऱ्या एका चाचणीने ही मुदत साडेचार तासांवर नेली.

२०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या ५०० रुग्णांच्या चाचणीने पुढची पायरी गाठली. मांडीतून नळी घालून मेंदूतली गुठळी ओढून काढली, तर स्वतःच्या पायावर उभे राहणाऱ्यांचं प्रमाण १९.१ टक्क्यांवरून ३२.६ टक्क्यांवर गेलं. २०१८ मध्ये निवडक रुग्णांसाठी ही मुदत २४ तासांपर्यंत वाढली.

सध्याचा कल तीन गोष्टींकडे आहे: गुठळी काढण्याची शस्त्रक्रिया आणखी कुणाकुणाला करता येईल, स्कॅन वाचायला संगणकाची मदत कशी घेता येईल, आणि टेनेक्टेप्लेज हे औषध. जुनं औषध तासभर सलाईनसारखं द्यावं लागतं, हे एका झटक्यात टोचता येतं. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने अर्धांगवायूसाठी त्याला मान्यता दिली. लहान दवाखान्यांना यातलं सगळ्यात जास्त उपयोगी पडू शकेल ते हेच.

म्हणजे गाजलेले पेपर उगाच गाजलेले नाहीत, त्यांनी उपचार बदलले. पण त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. रुग्ण वेळेत दवाखान्यात आला आहे, तिथे स्कॅन मशीन चालू आहे आणि स्कॅन वाचणारा डॉक्टर हजर आहे. रक्तवाहिनी बंद पडली की फुटली, हे स्कॅनशिवाय कळत नाही. फुटली असेल तर हेच इंजेक्शन जिवावर बेतू शकतं.

आणि रुग्ण घरीच असेल तर?

या प्रश्नाचं महाराष्ट्रातलं सगळ्यात ठोस उत्तर गडचिरोलीतून आलं. 'सर्च' संस्थेतले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश काळकोंडे, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या ९४ हजारांहून अधिक लोकसंख्येत दोन वर्षं प्रत्येक मृत्यूची नोंद घेऊन कारण शोधलं. एकूण १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के अर्धांगवायूचे निघाले. गावांत होणाऱ्या मृत्यूंचं ते पहिल्या क्रमांकाचं कारण होतं. त्यातले ८७.३ टक्के मृत्यू घरी झाले होते.

२०१५ मध्ये हा अभ्यास 'स्ट्रोक' नियतकालिकातच आला. त्याच वर्षी जगभरात गुठळी काढण्याच्या चाचण्यांची चर्चा होती. एकीकडे २४ तास सज्ज असलेलं शस्त्रक्रियागृह, दुसरीकडे घरातल्या खाटेवर गेलेले दहापैकी जवळपास नऊ जण. दोन्ही अभ्यास खरे आणि दोन्ही चांगले. पण दाखले बहुतांश पहिल्या प्रकाराला मिळतात. कारण दाखले देणारे संशोधक स्वतः तशाच रुग्णालयांत काम करतात.

हा प्रश्न फक्त गडचिरोलीचा नाही. २०२१ मध्ये जगात सुमारे १ कोटी १९ लाख लोकांना नव्याने अर्धांगवायू झाला आणि ७० लाखांहून अधिक लोक त्याने गेले. त्यातले ८५ टक्क्यांहून जास्त मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले आहेत. आजार एका बाजूला आणि संशोधनाचा पैसा दुसऱ्या बाजूला, असं हे चित्र आहे.

'काही फरक पडला नाही' हाही निष्कर्षच

भारतात मोठ्या चाचण्या होत नाहीत असं नाही. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 'अटेंड' चाचणीत १४ रुग्णालयांतले १,२५० रुग्ण होते. घरच्या माणसांना व्यायाम आणि शुश्रूषा शिकवली, तर रुग्ण लवकर सावरतो का, हा प्रश्न होता. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के रुग्ण एक तर दगावले होते किंवा परावलंबी होते. फरक शून्य.

२०२३ मध्ये 'स्प्रिंट इंडिया' चाचणीचा निकाल आला. ३१ केंद्रं, ४,२९८ रुग्ण, १२ भाषांतले एसएमएस, व्हिडिओ आणि पुस्तिका. पुन्हा झटका येणं किंवा तत्सम गंभीर घटना टळतात का, हे तपासलं गेलं. संदेश मिळालेल्या गटात हे प्रमाण ५.५ टक्के, न मिळालेल्या गटात ४.९ टक्के. म्हणजे झटके टळले नाहीत. औषधं वेळेवर घेण्याचं प्रमाण मात्र सुधारलं.

असे निकाल सोशल मीडियावर व्हायरल होत नाहीत. पण एखादी जिल्हा परिषद उद्या 'रुग्णांना रोज मेसेज पाठवू, झटके थांबतील' म्हणून खर्च करायला निघाली, तर तिला आधी थांबवून विचार करायला लावणारा पेपर हाच आहे. ही किंमत सायटेशनच्या आकड्यात दिसत नाही.

नगर जिल्हा यात कुठे आहे?

अहिल्यानगर क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. १७ हजार चौरस किलोमीटरहून जास्त पसारा, १४ तालुके आणि २०११ च्या जनगणनेत ४५ लाखांवर लोकसंख्या. लोणीत १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, नगरजवळ विळद घाटात विखे पाटील फाउंडेशनचं. लोणीच्या प्रवरा अभिमत विद्यापीठाचं 'प्रवरा मेडिकल रिव्ह्यू' हे स्वतःचं नियतकालिकही आहे.

पण अशा महाविद्यालयांतल्या अध्यापकांसमोर पेच असतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांत बढतीसाठी शोधनिबंधांची अट आहे. त्यामुळे देशभर 'काहीतरी छापून आणा' असा दबाव तयार झाला आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं फावलं. अशा प्रकाशकांचं भारत हे मोठं केंद्र बनल्याचं २०१८ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'च्या तपासात समोर आलं होतं.

दुसरी अडचण वाचण्याची. बरीच नामवंत नियतकालिकं महागड्या वर्गणीशिवाय उघडत नाहीत. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेला तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. सुमारे १३,००० नियतकालिकं त्यात आहेत. पण पहिल्या टप्प्यात लाभ फक्त केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांना आहे, खासगी महाविद्यालयांना नाही.

जामखेडने आधीच दाखवलंय

प्रभाव म्हणजे फक्त सायटेशन नाही, याचं उदाहरण शोधायला जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या निवडक प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. तीन वर्षांनी अल्मा-आटा इथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला, त्यामागच्या विचाराला बळ देणाऱ्या प्रयोगांत जामखेडचं नाव घेतलं जातं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गावातलं काम आणि मोठं नियतकालिक यांचं वैर असतं, असंही नाही. गडचिरोलीतल्या नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला, तो जगभर गाजला आणि २०११ पासून देशभरातल्या आशा सेविका त्याच धर्तीवर बाळंतिणीच्या घरी भेटी देऊ लागल्या. नगरच्या वाड्यावस्त्यांवर जाणाऱ्या आशाताईच्या भेटीमागे एक शोधनिबंध उभा आहे.

अर्धांगवायूतही हे शक्य आहे. त्याचं सर्वांत मोठं टाळता येणारं कारण म्हणजे उच्च रक्तदाब. २०२० मध्ये बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या ३० ग्रामीण वस्त्यांतल्या चाचणीत आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी जाऊन रक्तदाब मोजला, सल्ला दिला आणि गरजूंना डॉक्टरकडे पाठवलं. दोन वर्षांत त्यांच्या रुग्णांचा वरचा रक्तदाब इतरांपेक्षा सरासरी ५ अंकांनी जास्त उतरला. तीन देशांतल्या खेड्यांतलं हे काम 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने छापलं.

मग पुढे काय?

मे २०२५ मध्ये चौंडीत झालेल्या मंत्रिमंडळ बैठकीत अहिल्यानगर जिल्ह्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा निर्णय झाला. तिथले अध्यापक उद्या पेपर लिहितीलच, कारण ती नोकरीची गरज आहे. प्रश्न इतकाच की ते कशावर लिहितील.

जगात गाजलेल्या विषयाची छोटी नक्कल करणं सोपं आहे. 'वारं गेलं' म्हणून रुग्णाला आधी कुठे नेलं जातं, १०८ ची गाडी किती वेळात येते, रात्री सीटी स्कॅन कुठल्या तालुक्यात चालू असतो, गुठळीचं इंजेक्शन किती जणांना वेळेत मिळतं, हे वर्षानुवर्षं नोंदवत राहणं कष्टाचं आहे. त्याला सायटेशन कमी मिळतील. पण स्कॅन मशीन कर्जतला ठेवायचं की अकोल्याला, हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला हीच नोंद लागेल. बढतीच्या नियमांत अशा कामाला वजन मिळालं, तरच ते कुणी हाती घेईल.

वाचक म्हणून 'संशोधन सांगतं की...' अशी पोस्ट समोर आली, तर तीन गोष्टी बघा. अभ्यास किती लोकांवर झाला? ते लोक कुठले होते? आणि त्यात वापरलेली सोय तुमच्या तालुक्यात आहे का?

एका बाबतीत मात्र पुढच्या पेपरची वाट बघायची गरज नाही. चेहरा एका बाजूला वाकडा होणं, एका हातातली किंवा पायातली ताकद अचानक जाणं, बोबडी वळणं, यातलं काहीही दिसलं तर वेळ नोंदवा, १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा. मालिश, अंगारा किंवा 'सकाळपर्यंत बघू' यात साडेचार तास सहज निघून जातात.