हडळीला हिट पॉइंट्स किती?

वीकेंडला आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. १९७७च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये आपला राक्षस आहे, पण चक्क वाघाच्या तोंडाचा! म्हटलं, आपली यादी आपणच करू.

खवीस घेतला. चकवा तर हवाच, रात्रभर त्याच शेतात फिरवतो (आमच्या कोडमधला इन्फिनिट लूप!). वेताळ नको, कोकण-गोव्यात त्याची देवळं आहेत.

अडलो हडळीपाशी. कळमनुरीला आजी सांगायची, बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. म्हणजे दवाखाना लांब, गाडी वेळेवर मिळाली नाही, अशी कुणाची तरी सून. तिला तलवारीनं मारून पॉइंट्स कसले घेताय? मुंजाचंही तेच, लग्नाआधी गेलेलं पोर ते.

मित्र म्हणाला, "अरे, गेम आहे!"

असेल. दोघंही माझ्या यादीत आहेत. हिट पॉइंट्सचा रकाना तेवढा कोरा ठेवलाय.