पुरावा कोणी द्यायचा?



दिवाळीच्या मागेपुढे पेन्शनरांच्या घरी आणखी एक लगबग असते. नोव्हेंबर हा हयातीच्या दाखल्याचा महिना. नवीन जालन्यातल्या बँकांत या दिवसांत काठी टेकत आलेली, मुलाने किंवा नातवाने स्कूटरवरून आणून सोडलेली माणसे दिसतात. त्यांत माजी सैनिक असतात, सैनिकांच्या विधवा असतात. यंत्रावर अंगठा उमटला नाही तर बोट पुसून पुन्हा ठेवायचे, एवढेच. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करणे त्या मानाने सोपे. आपण आजारी आहोत आणि हे दुखणे फौजेतच जडले, हे सिद्ध करण्यात मात्र काही घरांची उमेदीची वर्षे जातात. यंदाचे संपादकीय त्या घरांविषयी आहे.

आपला जिल्हा लष्कराला अनोळखी नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रज सेनापती वेलस्ली यांची गाठ पडली ती इथल्याच असईला. पुढे जालन्यात छावणीही होती. आजही गावागावांत एखादे ‘मेजर’ भेटतात. हुद्दा नाईक किंवा शिपाई असला तरी गावाला ते मेजरच. प्रजासत्ताक दिनाला त्यांना शाल-श्रीफळ मिळते. पण त्यांना अर्धांगाचा झटका आला, फिट येऊ लागल्या, म्हणजे काय होते?

आधी हिशेब पाहू. जवानाला नेहमीचे पेन्शन मिळायला पंधरा वर्षांची नोकरी लागते. नवव्या-दहाव्या वर्षी आजारामुळे घरी पाठवलेल्याच्या हाती ते पडत नाही. त्याची मुख्य भिस्त अपंगत्व पेन्शनवर. त्यासाठी अपंगत्व किमान वीस टक्के हवे आणि त्याचा सेवेशी संबंध हवा. मेडिकल बोर्डाने ‘आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही’ असा शेरा मारला की ते दार बंद. १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे, पण तिचे कार्डही साधारणपणे पेन्शनरालाच मिळते. म्हणजे एका ओळीच्या शेऱ्याने हे पेन्शन जाते आणि औषधपाणीही जाऊ शकते. ज्याला उपचारांची सर्वांत जास्त गरज, तोच योजनेबाहेर राहतो.

धर्मवीर सिंग यांचे असेच झाले. १९८५ साली ते सिग्नल कोअरमध्ये भरती झाले, तेव्हा धडधाकट होते. पुढे फिट येऊ लागल्या आणि १९९४ मध्ये वीस टक्के कायमच्या अपंगत्वावर त्यांना घरी पाठवले. आजार उपजत प्रकृतीचा आहे, असे बोर्डाने म्हटले आणि पेन्शन नाकारले गेले. उच्च न्यायालयात ते आधी जिंकले, मग खंडपीठापुढे हरले. अखेर २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नाही तो सेवेत उद्भवला असे धरायचे; तसे नसेल तर ते दाखवण्याची जबाबदारी सरकारची; शंका उरली तर तिचा फायदा जवानाला. गंमत अशी, की हे सारे १९८२ च्या नियमांतच लिहिलेले होते, म्हणजे धर्मवीर भरती होण्याच्याही तीन वर्षे आधीपासून. छापील नियम आपल्याला लागू करून घ्यायला त्यांना एकोणीस वर्षे लागली.

उशीर झाला की त्याची किंमतही घरालाच मोजावी लागते. १९८३ मध्ये आजारामुळे सेवामुक्त झालेले तरसेम सिंग १९९९ मध्ये न्यायालयात गेले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला, पण थकबाकी दिली ती याचिकेच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच. मधली वर्षे बुडाली. आपल्याला काही मिळू शकते हेच ज्याला कुणी सांगितले नाही, त्याच्या अज्ञानाचा भुर्दंड असा त्याच्याच माथी बसतो.

महाराष्ट्राचे उदाहरण वेगळे, पण दुखणे तेच. २ मे २०२० रोजी काश्मीरमधील हंदवाडा येथे मेजर अनुज सूद यांना वीरमरण आले. मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले. राज्याची मदत मात्र रहिवासाच्या अटीवर अडली आणि त्यांच्या पत्नीला मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. न्यायालयाने कान उपटल्यावर २०२४ मध्ये विशेष बाब म्हणून एक कोटी रुपये देण्याचे सरकारने कबूल केले. वीरपत्नीची ही गत, तर खाटेवर पडलेल्या शिपायाच्या बायकोने कोणाकडे जायचे?

तिच्या वाट्याला काय येते ते पाहा. डिस्चार्ज बुकात नाव ‘लक्ष्मी’, आधारवर ‘लक्ष्मीबाई’. मग प्रतिज्ञापत्र करा. जन्मतारीख जुळत नाही. शाळेचा दाखला आणा. रेकॉर्ड ऑफिस बेळगाव किंवा सागरला, पेन्शनचे कार्यालय प्रयागराजला आणि दाद मागायची ती मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे. मुलगा रजा टाकून हिंडतो, सून रुग्णाचे अंथरूण बदलता बदलता कागदांची पिशवी सांभाळते. पुराव्याचा भार सरकारवर आहे असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तो या पिशवीत असतो. त्यात २१ सप्टेंबर २०२३ पासून सेवेबाहेर पडणाऱ्यांसाठी अपंगत्व पेन्शनचे नवे नियम आले आहेत आणि माजी सैनिकांच्या संघटनांचे त्यांवर गंभीर आक्षेप आहेत.

दिल्लीचे नियम जालन्यातून बदलणार नाहीत. पिशवीचे ओझे मात्र इथे हलके करता येईल. पेन्शन नसलेले, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याचे आणि पासष्टी ओलांडलेले माजी सैनिक व त्यांच्या विधवा यांच्यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत १ नोव्हेंबर २०२५ पासून महिना चार हजारांवरून आठ हजार झाली आहे. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो. ही गोष्ट प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला काय हरकत आहे? ग्रामसेवकाने, शिक्षकाने, महाविद्यालयातल्या एनसीसीच्या पोरांनी गावातल्या एकेका घराची फाईल पुरी करून द्यावी. वकील मंडळींनी महिन्यातला एक दिवस त्यासाठी राखावा. ७ डिसेंबरला ध्वजदिन निधी आपण देतोच. त्याच्या जोडीला आपले चार तास दिले, तर पुढच्या ध्वजदिनापर्यंत जिल्ह्यातली निदान काही प्रकरणे मार्गी लागतील. तसा अनुभव आला तर आम्हाला जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात त्याला जागा राखून ठेवली आहे.

 

— संपादक