दुकान चांगलं, म्हणून भागीदारी?



हल्ली आमच्या स्वाध्याय मंडळात प्रवचन संपलं की शेअर्सचं प्रवचन सुरू होतं. ज्यांची मुलं अमेरिकेत, त्या म्हणतात, "कॉस्टकोचे शेअर्स घ्या. सूनबाई दर आठवड्याला तिथंच जाते, केवढी गर्दी असते!" गर्दी असते हे खरंच. पण दुकान चांगलं म्हणून त्याचा शेअर चांगला, हे गणित मला मान्य नाही. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली, तरी वार्षिक अहवाल वाचायची सवय मोडलेली नाही. म्हणून लिहिते.

आधी चांगलं ते सांगते. हे दुकान मालावर फार नफा ठेवत नाही. साधारण चौदा-पंधरा टक्क्यांच्या वर भाव चढवायचा नाही, हा त्यांचा नियम. शंभर डॉलरच्या विक्रीत निव्वळ नफा तीन डॉलरहून कमी. खरी कमाई सभासदांच्या वर्गणीची. २०२४ च्या आर्थिक वर्षात वर्गणीचे ४.८ अब्ज डॉलर आले आणि धंद्याचा नफा होता ९.३ अब्ज. म्हणजे वर्गणी निम्म्याहून जास्त! अमेरिका-कॅनडातले शंभरातले ब्याण्णव सभासद पुन्हा वर्गणी भरतात. धंदा नीट चालवलाय, यात वाद नाही.

पण भाव? त्या वर्षी एका शेअरमागे कमाई १६.५६ डॉलर आणि वर्ष संपताना शेअरचा भाव ८९० च्या आसपास. चौपन्न पट! म्हणजे आपण शंभर घालायचे आणि कंपनीने आपल्या वाट्याचे दोनसुद्धा कमवायचे नाहीत. "नफा वाढेल की!" वाढू दे. दरसाल दहा टक्क्यांनी वाढला तरी दुप्पट व्हायला सात वर्षं, आणि तेव्हाही शंभरामागे चारपेक्षा कमीच. नेहमीचा लाभांश शंभरामागे अर्धा डॉलर, त्यातलेही २५ टक्के अमेरिका कापून घेते. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपण, इथं मात्र भाव विचारत नाही!

आता दुसरी वही उघडते. ती आपल्यासाठी पहिलीपेक्षा मोठी आहे.

या दुकानात भाजलेली कोंबडी ४.९९ डॉलरला मिळते. गिऱ्हाईक यावं म्हणून कित्येक वर्षं तो भाव वाढवलेला नाही. वर्षाला दहा कोटींहून जास्त कोंबड्या विकल्या जातात. त्या पुरवण्यासाठी नेब्रास्का राज्यातल्या फ्रीमॉंट गावी २०१९ मध्ये कंपनीने स्वतःचा कारखाना सुरू केला. आठवड्याला सुमारे वीस लाख कोंबड्या कापण्याच्या क्षमतेचा.

सूनबाई तिथून डाळ, बदाम, दूध आणते, ते गिऱ्हाईक म्हणून. शेअर घेणारी मात्र मालकीण होते, लहान का असेना. कृत, कारित, अनुमोदना हे आपण पाठशाळेतल्या मुलांनाही शिकवतो. मग नफा माझा आणि कत्तल त्यांची, असं कसं म्हणायचं? "आम्ही काय, नुसता कागद घेतो," हे उत्तर मला पटत नाही. चातुर्मासात कांदा-बटाटा सोडायचा आणि डिमॅट खात्यात कारखाना ठेवायचा?

मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. मुलाच्या सांगण्यावरून नॅसडॅक १०० चा फंड घेतला होता. त्यात ही कंपनी आहे, हे यादी वाचली तेव्हा कळलं. दशलक्षण पर्वात तो विकला. पुढं भाव वाढला तर मुलगा हसेल. हसू दे.

तुम्ही एवढंच करा. कोणी शेअर सुचवला की दोन प्रश्न विचारा: किती पट भाव देतेय? आणि माझ्या पैशांवर तिथं नेमकं काय चालतं? दोन्हीची उत्तरं मिळाल्याशिवाय सही करू नका.